विद्यापीठांतल्या अभियांत्रिकी आणि डेटा सायन्सच्या संशोधनामुळे खेळात खरोखर काही बदलते का?

प्रश्नकर्त्याने सोबत लिहिले आहे की तो यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला क्रिकेटचे वेड आहे, आणि विद्यापीठांत खेळांवर चालणारे संशोधन केवळ शोधनिबंध छापण्यापुरते असते की मैदानापर्यंत पोहोचते, हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

मैदानापर्यंतच काय, ते नियमांच्या पुस्तकापर्यंत पोहोचते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तेवीस वर्षे अप्लाइड मेकॅनिक्स शिकवले आणि शेवटच्या वर्षाच्या काही प्रकल्पांना मार्गदर्शन केले. त्यातला एक प्रकल्प साफ फसला. त्याची हकीकत पुढे सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःला त्या फजितीतूनच नीट समजले. आधी मूळ प्रकरण पाहू.

२६ डिसेंबर १९९५ रोजी मेलबर्न कसोटीत पंच डॅरेल हेअर यांनी श्रीलंकेचा फिरकी गोलंदाज मुथय्या मुरलीधरनला चेंडू फेकल्याबद्दल सात वेळा नोबॉल दिला. चेंडू टाकताना कोपर सरळ करायचे नाही असा नियम होता आणि ते सरळ झाले की नाही हे ठरवण्याचे साधन एकच, पंचाचा डोळा. त्या काळी चहाच्या टपरीपासून समालोचकांच्या कक्षापर्यंत प्रत्येकाचे यावर ठाम मत होते आणि मोजमाप कोणाजवळच नव्हते. १९९६ मध्ये पर्थच्या युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियात आणि हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात त्याच्या हाताची तपासणी झाली. त्याचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही, आणि चेंडू टाकताना ते झटक्याने सरळ झाल्यासारखे दिसते तो दृष्टिभ्रम आहे, असा निष्कर्ष निघाला. पुष्कळांना ही पळवाट वाटली. खरे सांगायचे तर मलाही वाटली होती.

हा भ्रम घरच्या घरी पाहता येतो. कपड्यांच्या हँगरची जाड तार घ्या आणि मधोमध साधारण ३० अंशांत वाकवा. वरचा भाग म्हणजे दंड, खालचा भाग म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात. रात्री दिव्यासमोर धरून तिची सावली भिंतीवर पाडा. तारेचा बाक भिंतीला समांतर असेल तर सावली वाकडी दिसेल. आता दंडाचा भाग तसाच धरून तार चिमटीत स्वतःभोवती पाव वळसा फिरवा. तारेतला बाक तसूभरही बदललेला नाही, पण सावली सरळ रेघेसारखी होते. टीव्हीचा कॅमेरा आणि स्क्वेअर लेगचा पंच, दोघेही हातच पाहत असतात, पण त्यांना दिसते ती या सावलीसारखी एका प्रतलातली प्रतिमा. मुरलीधरनचा खांदा आणि मनगट विलक्षण फिरत असल्यामुळे त्याचा वाकलेला हात पंचाच्या नजरेसमोर असाच फिरत होता. २००४ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरसाठी त्याने कोपर हलूच नये असा पोलादी सळ्यांचा कडक साचा हातावर चढवून गोलंदाजी करून दाखवली, आणि तरीही बघणाऱ्यांना हात सरळ होतोय असेच वाटत राहिले.

प्रयोगशाळेत हे मोजतात कसे, ते सविस्तर सांगतो, कारण खरे अभियांत्रिकी तिथेच आहे. गोलंदाजाच्या खांद्यावर, दंडावर, कोपराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या उंचवट्यांवर आणि मनगटावर प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोळे चिकटवतात. भोवताली अनेक इन्फ्रारेड कॅमेरे असतात आणि ते सेकंदाला २५० किंवा त्याहून जास्त चित्रे घेतात. एकच गोळा किमान दोन कॅमेऱ्यांना दिसला की त्याचे त्रिमितीय स्थान काढता येते. दंडाचे आणि खालच्या हाताचे स्वतंत्र अक्ष ठरवून त्यांच्यातला कोन प्रत्येक चित्रासाठी काढला जातो. दंड खांद्याच्या पातळीत आडवा आल्यापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत हा कोन किती अंशांनी उघडला, एवढाच आकडा नियमाला हवा असतो. हात मुळात किती वाकलेला होता याला महत्त्व नाही आणि ही गोष्ट आजही कित्येक समालोचकांच्या लक्षात राहत नाही.

ऐकायला सोपे वाटते, पण अडचणी पावलोपावली आहेत. गोळे कातडीवर असतात आणि कातडी हाडावरून सरकते. चेंडू नेमका कोणत्या चित्रात सुटला हे ठरवण्यात एका चित्राची चूक झाली तरी उत्तर हलते. समजा ०.१ सेकंदात कोपर १५ अंशांनी उघडते, म्हणजे सेकंदाला सरासरी १५० अंश. सेकंदाला २५० चित्रे असतील तर दोन चित्रांतले अंतर ४ मिलिसेकंद, म्हणजे चूक अर्ध्या-पाऊण अंशाची. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात हीच चूक ५ अंशांची होते.

आता आमची फजिती. चार विद्यार्थ्यांनी गावातल्या नेट्सवर एका सोळा वर्षांच्या ऑफस्पिनरच्या खांद्याला, कोपराला आणि मनगटाला पांढरी चिकटपट्टी लावली, स्क्वेअर लेगच्या जागी तिपाईवर एक मोबाईल ठेवला आणि ६० चित्रांच्या वेगाने चित्रण केले. पडद्यावर कोन मोजून सरासरी काढली ती २४ अंश आली. मी तपासून पाहिली, बेरीज-वजाबाकी बरोबर होती, अहवालावर सही केली. आठवड्याभरात 'इंजिनिअरिंगवाल्यांनी सिद्ध केलंय, हा फेकतो' अशी बातमी नेट्सवर पसरली आणि मुलाचे वडील माझ्या केबिनमध्ये येऊन उभे राहिले. ते अजिबात चिडले नव्हते, म्हणूनच मला जास्त अवघडल्यासारखे झाले. "सर, एकदा समोरून बघा की," एवढेच म्हणाले. आम्ही मोबाईल फलंदाजाच्या मागे ठेवून पुन्हा चित्रण केले. तोच मुलगा, तोच चेंडू, आणि सरासरी ९ अंश. खरा आकडा यांपैकी कोणताही नव्हता. हँगरचा प्रयोग आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने त्या संध्याकाळी वसतिगृहात केला आणि मला फोटो पाठवला. अहवाल मागे घेतला, मुलाची आणि वडिलांची नेट्सवर जाऊन सर्वांसमक्ष माफी मागितली. प्रकल्पाला गुण मात्र चांगले दिले, कारण चूक कुठे झाली हे मुलांनी माझ्याआधी शोधले होते.

पुन्हा मूळ प्रकरणाकडे येतो. २००४ मध्ये मुरलीधरनच्या 'दुसरा' या, ऑफस्पिनच्या उलट दिशेला वळणाऱ्या चेंडूबद्दल तक्रार झाली आणि तो परत पर्थला गेला. ब्रूस एलियट आणि जॅकलिन अल्डरसन यांच्या चमूला या चेंडूत कोपर सरासरी सुमारे १४ अंशांनी उघडताना आढळले, आणि सुधारणेनंतर ते सुमारे १० अंशांवर आले. त्या वेळी मर्यादा फिरकी गोलंदाजांना ५, मध्यमगतीला ७.५ आणि जलद गोलंदाजांना १० अंश अशी होती. म्हणजे तो सुधारूनही दोषीच ठरत होता. पण संशोधकांनी त्यापुढचा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वात मोलाचा भाग तोच आहे: ज्यांच्याबद्दल कधी कोणी तक्रार केली नाही, त्यांचे हात किती अंश उघडतात? त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत गोलंदाजांचे चित्रण करून विश्लेषण झाले, तेव्हा जवळपास प्रत्येकाचे कोपर थोडेफार सरळ होत असल्याचे दिसले. ज्यांची शैली आदर्श म्हणून आपण दाखवत होतो, तेही त्यात आले. जुना नियम अक्षरशः पाळायचा तर क्रिकेटमध्ये गोलंदाजच उरले नसते.

मग आयसीसीने जीवयांत्रिकीचे, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या यंत्रशास्त्राचे अभ्यासक आणि माजी कसोटीपटू यांची समिती बसवली. मायकेल होल्डिंग त्यात होते, ते पूर्वी मुरलीधरनचे टीकाकार होते आणि मोजमाप पाहून त्यांनी मत बदलले. समितीच्या शिफारशीवरून १ मार्च २००५ पासून सर्वांना एकच, १५ अंशांची मर्यादा लागू झाली. हा आकडा शरीरशास्त्राने दिलेला नाही. कोपराचे उघडणे साध्या डोळ्याला साधारण १५ अंशांपुढेच दिसू लागते, हा त्याचा आधार. यंत्राने मोजायचे, पण रेघ माणसाच्या नजरेला धरून आखायची, ही तडजोड मला शहाणपणाची वाटते.

वाद मिटला असे मात्र नाही. प्रयोगशाळेत टाकलेला चेंडू आणि सामन्यात टाकलेला चेंडू सारखाच असतो का, गोळे नेमके कुठे लावावेत, यावर तज्ज्ञांतच मतभेद झाले. २०१४ मध्ये आयसीसीने तपासणीची व्यवस्था बदलली आणि पर्थच्या विद्यापीठाचे व आयसीसीचे त्यावरून चांगलेच बिनसले. त्याच वर्षी ब्रिस्बेनमधल्या तपासणीनंतर पाकिस्तानचा ऑफस्पिनर सईद अजमलवर बंदी आली. तो परतला तेव्हा त्याच्या फिरकीत पूर्वीची धार राहिली नव्हती. एखाद्याची रोजीरोटी दोन-चार अंशांवर ठरणार असेल, तर 'आकडा किती' याच्याइतकाच 'आकड्यात चूक किती' हा प्रश्न महत्त्वाचा होतो.

१५ अंशांची शिफारस करणाऱ्या समितीत इंग्लंडचे माजी कर्णधार टोनी लुईस होते. पावसाने खेळ थांबला की लक्ष्य ठरवणाऱ्या डकवर्थ-लुईस पद्धतीतले टोनी लुईस वेगळे. ते ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंडमध्ये शिकवत. डेटा सायन्सच्या बाजूचे उदाहरण त्यांचेच आहे. १९९२ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात सिडनीला पाऊस आला तेव्हा दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत एका चेंडूत २१ हव्यात असे झाले, कारण त्या वेळच्या नियमाने इंग्लंडची सर्वांत कमी धावांची दोन षटके वजा केली होती. फ्रँक डकवर्थ आणि लुईस या संख्याशास्त्रज्ञांनी मांडले की संघाकडे षटके आणि गडी अशी दोन साधने असतात आणि त्यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. जुन्या सामन्यांच्या आकडेवारीवरून त्यांनी तक्ता बनवला. त्याच्या २००२ च्या आवृत्तीनुसार २० षटके आणि दहाही गडी शिल्लक असतील तर डावाची ५६.६ टक्के साधने शिल्लक असतात, आणि त्याच २० षटकांना चारच गडी शिल्लक असतील तर ३०.८ टक्के. शेवटी हाणामारी करणाऱ्याला हे ठाऊक असतेच, तक्त्याने त्याची किंमत ठरवली. पद्धत पहिल्यांदा १ जानेवारी १९९७ रोजी हरारेत वापरली गेली आणि झिंबाब्वेने इंग्लंडला ७ धावांनी हरवले. पुढे ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक स्टीव्हन स्टर्न यांनी मोठ्या धावसंख्यांसाठी तिच्यात दुरुस्ती केली. आपल्याकडे थ्रिसूरचे स्थापत्य अभियंता व्ही. जयदेवन यांनी स्वतःची पद्धत २००२ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडली आणि इंडियन क्रिकेट लीगने ती वापरली, पण आयसीसीने ती स्वीकारली नाही. डीएलएसवर (डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धतीवर) गल्लीतही लोक बोटे मोडतात, पण तिच्याआधी काय होते हे विसरून.

स्विंगबद्दल थोडक्यात सांगतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकलेले आणि पुढे नासात गेलेले रबी मेहता यांनी विंड टनेलमध्ये, म्हणजे हवेचा झोत सोडणाऱ्या बोगद्यात चेंडू ठेवून, शिवण तिरकी धरली की एका बाजूची हवा चेंडूच्या पृष्ठभागापासून उशिरा का सुटते, हे दाखवले. ढगाळ, दमट हवेत चेंडू जास्त वळतो ही लाडकी समजूत मात्र विंड टनेलमधल्या प्रयोगांनी उचलून धरली नाही.

आपण स्वतः काय करू शकता? परदेशीच जावे लागेल असे नाही. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेत गोलंदाजीच्या शैलीची आयसीसी-मान्य तपासणी होते आणि आयआयटी मद्रासमध्ये क्रीडाविज्ञान व विश्लेषणाचे स्वतंत्र केंद्र आहे. तिसऱ्या वर्षात एखादी फिजिओथेरपीची विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी सोबतीला घ्या, कारण कोपराचे हाड बोटाने चाचपून शोधणे आपल्याला येत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाची 'ओपनकॅप' ही प्रणाली दोन आयफोनवरून त्रिमितीय हालचाल काढते आणि संशोधनासाठी मोफत आहे. पण ती चालणे, उठबस, उडी अशा हालचालींवर तपासलेली आहे, म्हणून गोलंदाजाच्या कोपराबाबत तिचा आकडा आंधळेपणाने घेऊ नका. पहिले दोन आठवडे माणसाला बोलावूच नका. हँगरची तार कोनमापकाने बरोबर ३० अंशांत वाकवा, तिला तीन ठिकाणी चिकटपट्टी लावा, दोन कॅमेऱ्यांसमोर वेगवेगळ्या वेगाने आणि वेगवेगळ्या दिशेने फिरवा, आणि प्रत्येक चित्रात आपली प्रणाली किती अंश दाखवते ते वहीत लिहून काढा. ३० च्या किती खाली-वर ती जाते, तो आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर येऊ द्या. गोलंदाजाचे नाव मात्र कुठल्याच पानावर नको.