पूलचा पंप हवा धरतोय, प्लंबर फरशी खोदायला सांगतोय. खोदू का?

खोदू नका. निदान आठ दिवस तरी कुदळ लावू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की नागावच्या बंगल्यातल्या पूलमध्ये रिटर्नच्या, म्हणजे फिल्टरमधून पाणी परत येतं त्या, तोंडातून सारखे बुडबुडे येतात, सकाळी पंप लावला की बराच वेळ पाणी धरत नाही, आणि प्लंबर म्हणतो जमिनीतली लाइन गेली. शिवाय एकाऐवजी दोन हॉर्सपॉवरचा पंप लावला तर भागेल का, आणि खर्च किती, असंही विचारलंय. वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. "जमिनीतली लाइन गेली" या एका वाक्यापायी आमच्या अंगणातली चौदा फूट चिऱ्याची फरशी उखडली गेली. ती आजतागायत पहिल्यासारखी बसलेली नाही.

आमचं घर दापोलीच्या मुरुडला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. पोफळ नव्यानं लावून उत्पन्न हाती यायला पाच-सात वर्षं जातात, तोवर घर कशावर चालवायचं? म्हणून मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या आणि एक लहानसा पूल बांधला. पंप ठेवला ओट्यावर, पूलच्या पाण्यापेक्षा उंच. आमच्याकडे पावसाळ्यात हातभर खड्डा केला तरी खालून पाणी भरतं, त्यामुळे पंप खड्ड्यात ठेवायची सोय नाही. तुमच्याकडेही बहुधा तसंच असेल.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात घर भरलेलं. पाहुण्यांची मुलं दिवसभर उड्या मारत होती, पूलचं पाणी उडून उडून स्किमरच्या, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या, तोंडाखाली गेलं. त्यात सुरूच्या काड्या अडकून स्किमरची झडप अर्धवट उभीच राहिली होती. टायमरवर पंप रात्री सुरू झाला आणि किती तास कोरडा फिरला कोण जाणे. पहाटे पाहिलं तर पंपाला हात लावायची सोय नव्हती, इतका तापलेला. बंद केला, निवू दिला, पाणी भरून पुन्हा लावला. त्या दिवसापासून बुडबुडे.

मी हे सगळं पूल बांधणाऱ्या कंत्राटदाराला सांगितलं. पंप कोरडा फिरला होता, हे दोनदा सांगितलं. त्यानं पंपाच्या झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, बदलली, पंपाच्या तोंडाशी एम-सीलची लांबी फासली, आणि चौथ्या दिवशी म्हणाला, जमिनीतली लाइन गेली.

मला पटलं नाही, आणि का पटलं नाही ते तुम्हीही समजून घ्या, कारण तुमचं उत्तर यातच आहे. पूलपासून पंपाच्या पंख्यापर्यंतच्या पाइपमध्ये पंप चालू असताना दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे फट असली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंपाच्या पुढे, फिल्टरच्या बाजूला फट असेल तर तिथून पिचकारी उडते. म्हणजे हवा धरण्याचा दोष शोधायचा तो फक्त ओढणाऱ्या बाजूला. आता जमिनीतली पाइप आमच्याकडे दोन फूट खोल, म्हणजे पूलच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली. पंप बंद केला तरी ती पाण्यानं भरलेलीच राहते. तिला तडा असेल तर रात्रभर तिथून पाणी जमिनीत मुरणारच आणि पूल उतरणारच.

म्हणून मी बादली ठेवली. पूलच्या पायरीवर बादली ठेवायची, बादलीतलं पाणी पूलच्या पाण्याइतकं भरायचं, आतून-बाहेरून खूण करायची आणि पंप बंद ठेवून एक दिवस-रात्र तसंच राहू द्यायचं. ऊन दोन्हीकडचं पाणी सारखंच नेतं. पूल बादलीपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. आमची बादलीही करंगळीच्या पेराइतकी उतरली आणि पूलही तेवढाच.

हे मी भावोजींना सांगितलं. माझे मोठे दीर, ठाण्याला असतात, घरात त्यांचा अर्धा वाटा आहे. ते कंत्राटदारासमोर, कामगारांसमोर म्हणाले, "तू पाहुण्यांच्या जेवणाचं बघ. पंपातलं तुला काय कळतंय?"

बुधवारी फरशी उखडली. पाइप निघाली ती अख्खी, कुठे ओरखडासुद्धा नाही. मी ती धुऊन उन्हात धरून पाहिली. तरी नवी घातली, "उघडलंच आहे तर" म्हणून. खोदाई, पाइप आणि फरशी परत बसवणं मिळून ३८ हजार गेले. गुरुवारी पंप लावला. बुडबुडे जसेच्या तसे. शुक्रवारी कंत्राटदार म्हणाला, पंप लहान पडतोय, दोन हॉर्सपॉवरचा बसवा. भावोजी "हो" म्हणून रात्रीच्या गाडीनं ठाण्याला गेले.

माझे बाबा शेतकरी. आमच्या माहेरच्या विहिरीवर मोटर होती, आणि दर उन्हाळ्यात ती एकदा तरी पाणी सोडायची, म्हणजे फिरायची पण पाणी ओढायची नाही. बाबा आधी विहिरीतल्या पाइपच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह बघायचे, कळशीनं पाणी भरायचे, आणि तरी धरलं नाही तर मोटर चालू ठेवून बिडी पेटवायचे. धूर एकेका जोडावर सोडायचे. ज्या जोडाशी धूर आत ओढला जायचा तिथं बोट ठेवून म्हणायचे, "इथं पितोय बघ." मी सात-आठ वर्षांची असल्यापासून शेजारी उभी राहून हे बघितलंय. पंपातलं मला एवढं कळतं.

रविवारी सकाळी पाहुणे समुद्रावर गेल्यावर मी देवघरातली उदबत्ती घेऊन ओट्यावर बसले. वारा लागू नये म्हणून तिन्ही बाजूंनी चादर धरली. झाकणाभोवती उदबत्ती फिरवली, धूर सरळ वर. खालच्या ड्रेन प्लगशी, सरळ वर. बॉल व्हॉल्व्हच्या दांड्याशी थोडा हलला असं वाटलं, पण तो माझाच श्वास होता. मग पंपाच्या तोंडाशी, जिथे पाइपचा आट्यांचा जोड पंपात फिरवून बसवतात, तिथे खालच्या अंगाला उदबत्ती नेली. ती बाजू ओट्याकडे असल्यामुळे डोळ्यांना दिसतच नाही. धुराची रेघ वर जाता जाता वाकली आणि दोऱ्यासारखी बारीक होऊन एम-सीलच्या कडेखाली शिरली. मी उदबत्ती लांब नेली, परत आणली. परत शिरली.

खात्री करायला चपातीच्या कणकेचा घट्ट गोळा आणला आणि त्या जोडाला चहूबाजूंनी थापला. पंपाचं पारदर्शक झाकण आतून सारखं उकळल्यासारखं दिसत होतं ते मिनिटभरात काचेसारखं झालं. फिल्टरवरच्या दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा अर्ध्या किलोखाली थरथरत होता, तो वर चढून एका जागी उभा राहिला. रिटर्नचे बुडबुडे थांबले.

कारण साधं होतं. पंप कोरडा फिरला, आतलं उरलंसुरलं पाणी उकळलं, त्या उष्णतेनं पीव्हीसीच्या जोडाचे आटे मऊ पडून आक्रसले. आक्रसलेल्या आट्यांवर टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, वरून एम-सील लावा, पंपाच्या थरथरीनं फट पुन्हा उघडते. जोड कापून नवाच घालायचा. गावातल्या वायरमनच्या मुलानं नवा जोड, एक युनियन (खोलता येणारा जोड), हातभर पाइप घातली, सोल्युशन लावून रात्रभर वाळू दिलं. सामान सातशे रुपयांच्या आत. तुमच्या खर्चाच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढेच दोन आकडे आहेत, ३८ हजार आणि सातशे.

भावोजी घरच्या ग्रुपवर अजून लिहितात, "लाइन बदलली तेव्हा थांबलं." लाइन बुधवारी बदलली, बुडबुडे रविवारी थांबले. मधले चार दिवस त्यांनी मोजलेलेच नाहीत. तो जुना जोड मी फेकला नाही, स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. आट्यांवरून बोट फिरवलं तर खालच्या बाजूला ते बसलेले लागतात. गणपतीत सगळे येतात तेव्हा मी तो त्यांच्या हातात देणार आहे.

आता मोठ्या पंपाबद्दल. लावू नका. दीड इंची पाइपला दोन हॉर्सपॉवरचा पंप लावलात तर तो तेवढ्याच पाइपमधून जोरात ओढणार. प्रवाह दुप्पट केला की पाइपमधलं घर्षण जवळजवळ चौपट होतं, ओढणाऱ्या बाजूचा दाब आणखी खाली जातो, आणि आज सुईएवढ्या फटीतून जितकी हवा येते त्याहून जास्त यायला लागते. वर स्किमरशी भोवरा होऊन तिथूनही हवा शिरेल. मोठ्या पंपानं दोष झाकला जातो असं ज्याला वाटतं त्याला पंप कळत नाही, मग तो कंत्राटदार असो नाहीतर घरातला मोठा माणूस.

तुमच्याकडे जोडच गेला असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी झाकणाची ओ-रिंगच निघते. आमच्याकडच्या उन्हात ती कडक होऊन चपटी पडते, किंवा खाचेत वाळूचा एक कण बसलेला असतो. पुसून बघा, चपटी असेल तर जुनी सोबत नेऊन त्याच मापाची आणा. तिला व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावू नका, काही रबरं त्यानं फुगतात. सिलिकॉन ग्रीस लावा. त्याआधी पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर आहे ना आणि झडप हलते ना, एवढं बघा. स्किमर आणि मेन ड्रेनचे, म्हणजे पूलच्या तळातल्या जाळीचे, व्हॉल्व्ह वेगळे असतील तर एकेक बंद करून पंप चालवा. ज्याचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर बुडबुडे थांबतात, दोष त्या लाइनवर. दोन्हींत सारखेच राहिले तर दोष पंपाजवळ.

आणि हो, बादलीत आणि पूलमध्ये फरक पडलाच, तर मात्र तुमचा प्लंबर बरोबर असू शकतो. तेव्हाही आधी पाइपला दाब देऊन तपासायला सांगा, मग खोदा.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हवा धरणाऱ्या पंपामुळे फिल्टरच्या टाकीत हवा दाबून बसते, म्हणून पंप लावताना टाकीवरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि तिथून पाणी आल्यावरच बंद करा. झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद. दुसरं, स्किमर बंद करून नुसत्या मेन ड्रेनवर पंप चालवाल तेव्हा पाण्यात कोणीही नको. सगळी ओढ त्या एका जाळीवर येते, लहान मूल तिला चिकटलं तर सुटत नाही. तपासणीच्या दिवशी पूलच्या दाराला कुलूप लावून ठेवा.