इंडिया नावाची, पण आपली नाही
प्रश्न: पॅरिस ऑलिम्पिकच्या ब्रेकडान्समध्ये इंडिया नावाची मुलगी होती, ती आपली का? आणि जिंकलं कोण?

उत्तर: नाही हो, इंडिया सार्डजू नेदरलँड्सची, नाव तेवढं आपलं! ब्राँझच्या बॅटलमध्ये ती चीनच्या ६७१ कडून हरली, हो, ६७१ हेच तिचं स्टेजवरचं नाव. गोल्ड जपानच्या आमी युआसाला, ९ ऑगस्ट २०२४ ला, फायनलला समोर लिथुआनियाची १७ वर्षांची निका. लोकांना मात्र ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धक रेगनचे मीम्सच आठवतात, आमीच्या फूटवर्कबद्दल कोणी बोलतच नाही, डीजे कुठलं गाणं लावणार ते आधी माहीत नसतं तरी ती बीटवर अशी सहज पाय टाकते की बाकीच्या फिक्या वाटतात, निदान मला तरी. निकाल ९ जज देतात. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये मात्र ब्रेकिंग, म्हणजे हा ब्रेकडान्स, नाहीये.