नव्या क्रोम नळांवर डाग? आधी अ‍ॅसिडची चौकशी करा

बाथरूम नवं, नळ नवे, तरी क्रोम का खराब झालं, असं तुम्ही विचारलंय. सिमेंटचे डाग काढायला टाइल्स अ‍ॅसिडने धुतल्या होत्या का, हे मिस्त्रींना विचारा. त्यातलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड क्रोम खातं. थेंब उडायलाच हवा असंही नाही, बंद बाथरूममधली वाफ पुरते (ती फुप्फुसांनाही घातक, खिडकी उघडी ठेवाच). शॉवरसकट सगळ्याच नळांवर डाग असतील तर बहुधा हेच कारण.

एकाच नळाला फोड येऊन पांढरी भुकटी निघत असेल तर आत पितळ नसून जस्ताचा मिश्रधातू असावा आणि प्लेटिंग कच्चं, वॉरंटी मागा. लिंबाच्या रसाने पुसून लगेच धुतल्यावर पांढरा थर गेला, तर तो गंज नाहीच, बोअरच्या पाण्याचा क्षार आहे.