मोगरा रुसला, डाळ बिघडली

प्रश्न : ताई, गॅलरीतला मोगरा नुसता पानांनी भरलाय, कळी एक नाही. शेणखत दर पंधरा दिवसांनी घालते. त्यात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला केलेली आंबेडाळ पिठल्यासारखी झाली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्यांदा घेतलीही नाही!
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : अगं, खाऊ घालून घालून लाडावलंयस त्याला. महिनाभर खत बंद. फांद्यांचे शेंडे चांगले वीतभर छाट, जुनी पानं खुडून टाक आणि कुंडी पाच-सहा तास ऊन लागेल तिथे सरकव. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटव्यावर. आमच्याकडे छाटणी हे करतात, कात्री मात्र माझी शिवणाची पळवतात.

डाळीचं म्हणशील तर, हरभऱ्याची डाळ चार तास भिजली की पुरे. चाळणीत पार निथळू दे. मिक्सरमध्ये पाण्याचा थेंब नको आणि बटण सलग दाबून धरू नकोस, थांबत थांबत फिरव. मधूनमधून अर्धी डाळ दिसलीच पाहिजे. कैरीचा कीस शेवटी, हाताने कालव. हिंग-मोहरीची फोडणी गार करून घाल. अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकू चालतं. तेवढ्यात सासूबाईंना पुन्हा वाढ.