'एक्झिस्टन्स' म्हणजे दर वेळी 'अस्तित्व'च का?

प्रश्न : मी भाषांतराची कामे करतो. 'एक्झिस्टन्स' हा शब्द आला की मी 'अस्तित्व' लिहून मोकळा होतो. 'संस्था अस्तित्वात आली' इथवर ठीक वाटते. परंतु 'ही लेड अ लोनली एक्झिस्टन्स' या वाक्याचे 'त्याने एकाकी अस्तित्व व्यतीत केले' असे भाषांतर केले, तेव्हा ते मलाच खटकले. या शब्दाचे नेमके अर्थ कोणते? 'बीइंग' आणि 'लाइफ' या शब्दांहून तो वेगळा कसा?

उत्तर : आपल्याला खटकले ते योग्यच आहे. या शब्दाचे मूळ लॅटिन असून 'बाहेर येऊन उभे राहणे', म्हणजेच प्रकट होणे, हा त्याचा जुना अर्थ आहे. आज मात्र तो मुख्यतः दोन अर्थांनी वापरला जातो, आणि ते ओळखण्याची खूण बहुधा वाक्यातच असते. एखादी गोष्ट आहे, एवढेच सांगायचे असेल तेव्हा हे नाम अगणनीय असते आणि त्याच्या आधी 'अ' किंवा 'ॲन' लागत नाही. 'अ' लागला आणि जोडीला विशेषण आले, की तिथे जगण्याची तऱ्हा अभिप्रेत आहे असे समजावे. हे विशेषण बहुतेक वेळा दुःखाचे किंवा ओढगस्तीचे असते. त्यामुळे आपल्या वाक्याचे 'त्याने एकाकी आयुष्य कंठले' असे भाषांतर शोभेल, आणि 'हँड-टू-माउथ एक्झिस्टन्स' असेल तिथे 'हातावरचे पोट' म्हणावे. 'लाइफ'मध्ये जगण्याचा रसही येतो. 'एक्झिस्टन्स'मध्ये पुष्कळदा नुसता तग धरणे एवढेच उरते. 'ही इज नॉट लिव्हिंग, ही इज जस्ट एक्झिस्टिंग' याला 'तो जगत कुठे आहे, नुसते दिवस ढकलतो आहे' याहून नेमके मराठी मला तरी सुचत नाही.

पहिल्या अर्थातही 'अस्तित्व' हवेच असे नाही, कारण मराठीत ते काम 'असणे' हे साधे क्रियापद सहज करते. 'आय वॉज अनअवेअर ऑफ इट्स एक्झिस्टन्स' म्हणजे 'असे काही आहे हे मला ठाऊकच नव्हते'. 'द ओल्डेस्ट मॅन्युस्क्रिप्ट इन एक्झिस्टन्स' म्हणजे 'आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने हस्तलिखित'. 'एक्झिस्टिंग रूल्स'चे 'अस्तित्वात असलेले नियम' हे रूप सरकारी कागदांत सर्रास दिसते, तरी 'सध्याचे नियम' पुरेसे आहे.

'बीइंग' हा शब्द 'असणे' या अर्थी 'एक्झिस्टन्स'च्या जवळ जातो. पण 'अ बीइंग' म्हणजे एखादा जीव, आणि 'ॲन एक्झिस्टन्स'ला तो अर्थ सहसा येत नाही.

तत्त्वज्ञानात मात्र 'अस्तित्व' हाच रुळलेला पारिभाषिक शब्द आहे आणि तो बदलू नये. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1781 साली असे मांडले की अस्तित्व हा वस्तूचा गुणधर्मच नव्हे. मनातल्या शंभर नाण्यांपेक्षा खऱ्या शंभर नाण्यांत एकही नाणे अधिक नसते, फरक पडतो तो खिशात. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने 1945 च्या पॅरिसमधील व्याख्यानात 'अस्तित्व साराच्या आधी येते' असे म्हटले, ते माणसाविषयी (सार म्हणजे एखादी गोष्ट मुळात काय आणि कशासाठी आहे ते) : कागद कापण्याची सुरी कशासाठी हे ती घडण्याआधीच ठरलेले असते, माणसाचे तसे नसते. गणितातील 'एक्झिस्टन्स प्रूफ' म्हणजे अस्तित्वसिद्धता. 367 माणसे जमली, तर निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येणार हे निश्चित सांगता येते, कारण तारखा 366 च असतात. ते दोघे कोण, हे मात्र ही सिद्धता सांगत नाही.

इंग्रजीत लिहिताना 'एक्झिस्ट' हे क्रियापद सामान्यतः चालू काळात येत नाही. 'द प्रॉब्लेम इज एक्झिस्टिंग' असे न लिहिता 'द प्रॉब्लेम एक्झिस्ट्स' असे लिहावे. वरचे 'जस्ट एक्झिस्टिंग' चालते, कारण तिथे अर्थ 'असणे' नसून 'कसेबसे जगणे' असा आहे.