वाखाची जुडी आणि सोनेरी केस

प्रश्न: सर नमस्कार, मी राजारामपुरीतून लिहितेय. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली, नंतर संसारात सगळं बंद पडलं, आता दोन वर्षं झाली ऑइल पेंटिंग करतेय. माझी धाकटी जाऊ जर्मनीची आहे, तिच्या लग्नातल्या फोटोवरून पोर्ट्रेट करायला घेतलंय. चेहरा बऱ्यापैकी जमलाय पण तिचे सोनेरी केस काही केल्या जमेनात. लेमन यलो घेतला, त्यात पांढरा घातला, सावलीला ब्राऊन घातला, तर सासूबाई बघून म्हणाल्या, "हळद डोक्याला पण लावली होय गं?" तीन वेळा खरवडून काढलंय. काय चुकतंय?

उत्तर: ताई, सासूबाईंची नजर पक्की आहे, पुढचं चित्र पण त्यांनाच दाखवा. तुमच्यासारखंच मी पण केलेलं आहे. शिकत असताना एका परदेशी पाहुणीचं पोर्ट्रेट केलं, अख्खी यलोची ट्यूब संपवली, आणि आमचे सर मागं येऊन उभारले, बराच वेळ काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, "केस रंगवलास का पिवळा फेटा बांधलास?" ते अजून डोक्यात बसलंय.

चूक अशी की आपण "सोनेरी" हा शब्द रंगवतो, केस रंगवत नाही. सोनेरी केस पिवळे नसतातच मुळात. जावेचा फोटो मोबाईलवर मोठा करा, एका कागदाला बारीक भोक पाडून त्यातून केसांचा एकेक तुकडा बघा, भोकातनं पिवळा जवळजवळ दिसणारच नाही, दिसेल तो राखाडी, मातकट, मध्येच शेवाळी, कानामागं चक्क तपकिरी, आणि खरा पिवळसर म्हणावा असा रंग कुठंतरी उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात थोडासा.

दुसरं म्हणजे आपला हात काळ्या केसांवर बसलाय. चित्रकार आबालाल रहमान मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आले तेव्हापासून कोल्हापुरात पोर्ट्रेट चाललंय, पण समोर बसणारा माणूस आपलाच, त्याचे केस म्हणजे चित्रातला सगळ्यात गडद भाग, चेहऱ्याला आपोआप चौकट मिळते. काळ्या केसावर चमक येते ती वरच्या वर, खिडकीतलं आभाळ केसावर दिसतं म्हणून ती निळसर असते. सोनेरी केसात रंगद्रव्य कमी, त्यामुळं थोडा उजेड वरून परततो पण बराचसा आत शिरून रंग घेऊन बाहेर पडतो, म्हणून मागनं ऊन आलं की अख्खे केस आतून पेटल्यागत दिसतात. आणि मेन अडचण म्हणजे कपाळाचा टोन (म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा) आणि केसांचा टोन जवळजवळ सारखाच. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, कपाळ कुठं संपलं आणि केस कुठं सुरू झाले ते काही ठिकाणी कळणार पण नाही. तिथं आपण घाबरून ब्राऊनची रेघ मारतो आणि विग घातल्यासारखं दिसायला लागतं. तिथं रेघ नकोच, कपाळाचा रंग गुलाबीकडं ठेवा, केसांचा थोडा थंड मातकट ठेवा आणि दोन्ही रंग ओले असतानाच कड पुसून सोडून द्या.

आता पॅलेट. लेमन यलो आणि कॅडमियम यलो आधी कपाटात ठेवा. यलो ऑकर (मातकट पिवळा), रॉ अंबर (थंड तपकिरी), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (निळा) आणि टायटॅनियम व्हाइट, बस झालं. मधला टोन म्हणजे ऑकर आणि रॉ अंबर, त्यात पांढरा, साधारण उसाच्या वाळलेल्या पाचटाचा रंग येईपर्यंत (गुळाचा म्हणणार होतो, पण आता मार्केट यार्डात सगळ्यांना पिवळाधमक गूळच पाहिजे असतो, त्यामुळं परत हळदीवरच याल). सावलीला रॉ अंबर, बर्न्ट सिएना, निळ्याचा ठिपका, काकवीसारखं गडद पण मेलेलं नको. जिथं फार पिवळं वाटेल तिथं आणखी अंबर ओतू नका, सिएना आणि अल्ट्रामरीनचा जांभळट राखाडी करून चिमूटभर घाला, पिवळ्याला तोच शांत करतो. आणि सगळ्यात उजळ टोन हा शेवटी, फार थोड्या ठिकाणी, दोन किंवा तीन.

सुरुवात केसांनी करू नका, गठ्ठ्यानं करा. डोळे बारीक केले की केसांचे चार-पाच मोठे गठ्ठे दिसतात, उजेडातले आणि सावलीतले, ते मोठ्या फ्लॅट ब्रशनं लावा आणि सावलीला जास्तीत जास्त वेळ द्या, सोनेरीपणा तिथंच तयार होतो. सावली नीट पडली की वर थोडा उजेड ठेवला तरी केस चमकतात, आणि सावली फिकी असली तर वरनं कितीही पांढरा-पिवळा लावा, पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा डोक्यावर पडल्यावर दिसतंय तसंच दिसणार. बॅकग्राउंड पण बघा, पांढऱ्या भिंतीपुढं सोनेरी केस घाण दिसतात, फोटोत पांढरी असली तरी तुम्ही मध्यम राखाडी किंवा हिरवट करा, कोण विचारणार आहे.

भुवया काळ्या केल्या असतील तर त्या पण काढा. बऱ्याच जणांचा घात भुवयांनीच होतो.

प्रॅक्टिससाठी एक उपाय सांगतो. दोरखंडाच्या दुकानातनं वाखाची (दोर वळायच्या धाग्याची) एक जुडी आणा, मधोमध दोऱ्यानं बांधा आणि एका बाजूनं उजेड येईल अशी खिडकीत ठेवा. बांधलेल्या जागी गडद, फुगलेल्या जागी उजळ, टोकाला सुटलेल्या चार तारा, अगदी अंबाड्यासारखंच. अर्ध्या-अर्ध्या तासाचे पाच-सहा स्टडी (सरावाची चित्रं) करा आणि मगच जावेला हात लावा.

प्रश्न: सर, उजळ भाग करताना पांढरा घातला की चुना लावल्यागत होतंय, आणि एकेक केस दाखवायला किती नंबरचा ब्रश घ्यायचा? — एक विद्यार्थी, कागल

उत्तर: टायटॅनियम व्हाइट जोरदार आणि थंड असतो, एकटा घातला की चुनाच होणार, म्हणून प्रत्येक वेळी पांढऱ्याबरोबर ऑकरचं बोट लावायचं. झालेलं असेल तर पूर्ण वाळू दे, मग रॉ सिएना (पिवळसर तपकिरी) पातळ करून वरनं ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, मार, ऊब परत येते. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झोर्न (1860–1920) बऱ्याचदा ऑकर, व्हर्मिलियन (लाल), काळा आणि पांढरा एवढ्यावरच काम करायचा, पिवळा म्हणून नुसता ऑकर, आणि त्याच्या चित्रातल्या गावाकडच्या बायकांचे केस बघ एकदा नेटवर.

एकेक केसाचं म्हणशील तर नंबर विचारू नकोस, आधी केस मोजायचं सोड. चार-पाच सुटलेल्या बटा, त्या पण कडेला, पुरे झाल्या. आणि ब्रश उलटा धरून बघ. डच चित्रकार रेम्ब्राँनं 1628 च्या सुमारास स्वतःचं एक छोटं पोर्ट्रेट केलंय, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, त्यात ओल्या रंगात ब्रशच्या मागच्या टोकानं ओरखडून कुरळे केस काढलेत. खालचा थर उजळ आणि वाळलेला पाहिजे, वरचा ओला.

प्रश्न: पावसाळ्यात चित्र पंधरा-पंधरा दिवस वाळत नाही आणि पांढरा भाग पिवळा पडतोय असं वाटतंय. रंगात मिसळायला जवसाच्या तेलाऐवजी घरातलं करडईचं तेल वापरलं तर चालेल का? — एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: करडईचं तेल कमी पिवळं पडतं हे खरं, पण ते रंगाच्या दुकानातलं, घरातल्या पिशवीतलं नको, त्यात टिकण्यासाठी काहीबाही घातलेलं असू शकतं आणि मग ते वाळायलाच बघत नाही. शेंगतेल तर जन्मात वाळणार नाही, तो नाद करू नका. ऑइल उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, दमट-गार हवेत ते संथ चालणारच, आपल्याकडं जुलैत तर बोलायलाच नको. अंबरमधल्या मँगनीजमुळं सावल्या लवकर वाळतात आणि पांढरे भाग मागं राहतात, म्हणून खालचे थर टर्पेंटाईननं पातळ आणि वरच्या थरात तेल जरा जास्त, पण उजळ भागात तेवढं तेल ओतू नका, ट्यूबमधनं येतो तसाच रंग लावा. आणि वाळेपर्यंत चित्र कपाटामागं भिंतीला तोंड करून ठेवत असाल तर पिवळेपणा तिथनंच येतोय, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. उजेडात काढून ठेवा, बरंचसं जातं, फक्त कडक उन्हात नको.