वडिलांना गुदाशयाचा कॅन्सर आहे, डॉक्टर पोटावर कायमची शौचाची पिशवी लागेल म्हणतात. पिशवीशिवाय होणारं ऑपरेशन नाही का?

मी डॉक्टर नाही, पण तीन वर्षांपूर्वी माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, अगदी याच जागेवर होते म्हणून लिहितोय. तुम्ही लिहिलंय की गाठ गुदद्वारापासून ३ सेमीवर आहे, सर्जननी एपीआर (गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढायचं ऑपरेशन) सांगितलंय आणि तुमचे मामा म्हणतात की त्यांच्या ओळखीच्या एकाचं दुर्बिणीतून झालं, पिशवी वगैरे काही लागली नाही.

आधी मामांच्या त्या ओळखीच्या माणसाचं बघू, कारण आम्हालाही असे दहा जण भेटले. त्यांची गाठ कुठे होती ते विचारा. मोठ्या आतड्याच्या उजव्या किंवा डाव्या बाजूला असेल तर तेवढा भाग आजूबाजूच्या लिम्फच्या गाठींसकट काढतात आणि दोन टोकं जोडून टाकतात, पिशवी बहुतेक वेळा लागतच नाही. गुदाशय म्हणजे आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेमीचा भाग, तो ओटीपोटाच्या हाडांच्या अरुंद जागेत असतो, शेजारी लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा, आणि खाली शौच धरून ठेवणारा स्नायू. म्हणून आजार एकाच नावाचा वाटला तरी ऑपरेशन वेगळं. आणि दुर्बीण, रोबोट, ओपन हा फक्त आत शिरायचा रस्ता आहे, आत काय कापायचं ते त्यावर ठरत नाही. स्नायू काढावा लागणार असेल तर रोबोटनं केलं तरी पिशवी लागणारच, यावर आम्ही फुकट पंधरा दिवस घालवले.

खरं ठरतं ते गाठीची खालची कड स्नायूपासून किती लांब आहे आणि एमआरआयमध्ये स्नायू मोकळा दिसतो का, म्हणजे गाठ त्यात शिरलेली नाही ना, यावर. गाठ वर किंवा मधे असेल तर गुदाशय काढून आतडं खाली जोडतात, याला एलएआर म्हणतात, आणि जोड भरेपर्यंत बऱ्याचदा पोटाच्या उजव्या बाजूला लहान आतड्याची तात्पुरती पिशवी ठेवतात, ती काही महिन्यांनी बंद होते (मधे किमो असेल तर जास्त वेळ जातो). गाठ फार खाली पण बाहेरचा स्नायू मोकळा असेल तर आतल्या स्नायूचा भाग काढून जोडणारं आयएसआर नावाचं ऑपरेशन असतं, ते सगळे सर्जन करत नाहीत, त्यासाठी हातखंडा लागतो. अगदी सुरुवातीची, वरच्या थरातलीच छोटी गाठ असेल तर कधी कधी गुदद्वारातूनच काढता येते. आणि स्नायूतच गाठ शिरली असेल तर एपीआर, म्हणजे गुदाशय, गुदद्वार सगळं काढून डाव्या बाजूला कायमची पिशवी. यातलं कुठलंही मोठं ऑपरेशन असो, गुदाशय त्याच्या भोवतीच्या चरबीच्या आवरणासकट अखंड निघाला पाहिजे, ब्रिटनच्या बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये हे मांडलं आणि त्यानंतर तिथेच गाठ परत येण्याचं प्रमाण खूप कमी झालं.

अजून एक विचारा, आधी रेडिएशन देणार का. आण्णांना साडेपाच आठवडे शेक आणि सोबत किमोच्या गोळ्या दिल्या, मग काही आठवडे थांबून परत एमआरआय. काहींची गाठ यात एवढी आकसते की स्नायू वाचतो, थोड्या जणांची तर पूर्ण दिसेनाशी होते आणि मग ऑपरेशन न करता कडक लक्ष ठेवतात. ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी हा रस्ता दाखवला. पण त्यातल्या साधारण चारातल्या एकाची गाठ परत उगवते, बहुतेक पहिल्या दोन वर्षांत, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणीला जाणं जमणार असेल तरच. बायोप्सीवर एमएसआय टेस्टही (गाठीच्या पेशींमध्ये डीएनए दुरुस्तीचा दोष आहे का ते बघणारी) करून घ्या, ती पॉझिटिव्ह फार कमी जणांची येते, पण आली तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीशी लढायला लावणाऱ्या औषधांचा, विचार होऊ शकतो.

आण्णांचा स्नायू वाचला नाही, एपीआर झालं. आठ महिने एका डॉक्टरनी मूळव्याध म्हणून औषधं दिली होती, एकदाही बोट घालून तपासलं नव्हतं, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. आण्णा माळकरी, त्यांचा पहिला प्रश्न होता की पोटावर पिशवी घेऊन पूजेला कसं बसू. स्टोमाच्या (पिशवीसाठी पोटावर काढतात त्या आतड्याच्या तोंडाच्या) नर्सबाईंनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांना बसवून, उभं करून, धोतर नेसायला लावून पोटावर पेनानं जागा आखली, पिशवी धोतराच्या गाठीखाली दबू नये म्हणून. हे आखणं आग्रहानं करून घ्या, नंतरचं निम्मं सुख त्यात आहे. गुदद्वार काढलं तिथली मागची जखम भरायला मात्र अडीच महिने गेले, बसणं नको व्हायचं, ते धरून चाला. आता ते सकाळी स्वतः पिशवी बदलतात, आंघोळ करतात आणि देवापुढे बसतात.

त्याच वॉर्डात शेजारच्या काकांचा स्नायू वाचला होता, आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा. वर्षभरानं भेटले तर दिवसात दहा-बारा वेळा जावं लागत होतं, एसटीत बसायची भीती वाटते म्हणाले. सगळ्यांचं असं होत नाही आणि बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं, पण स्नायू राहिला म्हणजे पहिल्यासारखं झालं असं समजू नका. वडिलांचा शौचावर आत्ताच कंट्रोल कसा आहे ते डॉक्टरांना खरं सांगा, पेशंट ते लाजून लपवतात.

दुसरं मत जरूर घ्या, मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये किंवा जिथे फक्त आतड्याच्या कॅन्सरची ऑपरेशनं रोज होतात तिथे. एमआरआयची सीडी, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) सोबत न्या, नुसत्या रिपोर्टवर काम होत नाही. आणि वडिलांना खोलीबाहेर बसवून तुम्हीच बोलून येऊ नका, आम्ही ती चूक केली, पिशवीचं त्यांना वॉर्डबॉयकडून कळलं.